जावयाचं कार्ड

गाडीचा विमा म्हणजे पोलिसानं अडवल्यावर दाखवायचा कागद, एवढीच माझी समज होती. 1988च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीसाठी नसतोच, आपण ज्याला धडकलो त्याच्यासाठी असतो, हेही मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्यामुळं डॅलसला लेकीकडं गेलो आणि भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर जावयानं कंपनीचं रोजचं विमासंरक्षण सरळ नाकारलं, तेव्हा मी चाटच पडलो. ‘‘मामा, क्रेडिट कार्डातच आहे ते,’’ एवढंच तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये कुणीतरी बंपर चेपून गेलं. जावयानं फोटो काढले, भाडेकरार आणि दुरुस्तीचं बिल जोडून पाठवलं, आणि दीडेक महिन्यानं कार्डाकडून पैसे आले. मधल्या काळात त्यानं मला अटीही समजावल्या होत्या. सगळं भाडं त्याच कार्डावर भरायचं. करारात कार्डधारकाचंच नाव हवं. काउंटरवरचं संरक्षण घेतलं की कार्डाचं गेलं. समोरच्या गाडीचं किंवा माणसाचं नुकसान त्यात येत नाही. काही कार्डं तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यातून वसूल झाल्यावर उरेल तेवढंच देतात. मी मान डोलावली. डोक्यात राहिला एकच शब्द : फुकट.

धारूरला परतल्यावर बसस्थानकासमोरच्या हॉटेलात मी या विषयातला जाणकार झालो. गोव्याला निघालेल्या एका गुरुजींना तर बजावूनच सांगितलं, ‘‘वरचा विमा घेऊ नका, लुटतात. कार्ड आहे ना तुमच्याकडं?’’ ते सुखरूप परत आले. माझा सल्ला बरोबर होता म्हणून नव्हे, हे आता कबूल करतो.

मागच्या जानेवारीत घरच्या लग्नासाठी पुण्याहून सेल्फ ड्राइव्हची गाडी घेतली. काळी पाटी, पिवळी अक्षरं. थोडे जास्त पैसे भरले तर नुकसानीची तुमची जबाबदारी ठरावीक रकमेपुरतीच, असं तिथला मुलगा सांगत होता. मी त्याला जावयाच्या थाटात हात केला आणि क्रेडिट कार्ड पुढं सरकवलं.

तेलगाव सोडून धारूरचा घाट चढायला लागलो. या घाटात रस्ता किती अरुंद होतो, हे आमच्याकडच्या पोराला सांगावं लागत नाही. मला तर नाहीच. वळणावर वरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उतरत आला. मी डावीकडं दाबली. ट्रॉलीची धडक चुकली, पण कठड्यानं डावे दोन्ही दरवाजे शेवटपर्यंत खरवडून काढले.

बँकेला फोन लावला तेव्हा माझा आवाज हक्काचा होता. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘सर, या कार्डवर विमान अपघाताचं आणि कार्ड हरवल्याचं संरक्षण आहे. भाड्याच्या गाडीचं नाही.’’ मी तिलाच चार शब्द सुनावले. रात्री पुस्तिका काढली. कार्ड आल्या दिवसापासून ती लिफाफ्यातच होती. मुलगी खरं बोलत होती. डिपॉझिट गेलं, वर अठरा हजार भरले.

पैशापेक्षा दुसरंच लागलं. आमचा तालुका ऊसतोडीचा. मुकादमानं तोंडी सांगितलेली उचल आणि वहीत लिहिलेली उचल यांत फरक निघाला की ‘‘वही बघायची नाही का आधी?’’ म्हणून मी कितीतरी जणांना शहाणपण शिकवलंय. त्यांतल्या काहींना तर वाचता येत नव्हतं. मला येतं.

म्हणून कार्डाचा विमा खोटा, असं आता म्हणत नाही. जावयाला तो मिळाला, कारण तो त्या कार्डाचा होता आणि अटी पाळल्या होत्या. मी त्याच्या कार्डाचा भरवसा माझ्या कार्डावर ठेवून गाडी चालवली. गुरुजींना भेटून हे सांगून आलो. ते हसले, चहा मात्र त्यांनीच पाजला.

या दिवाळीत लेक-जावई आले. पुण्यात गाडी घेण्याआधी त्याच्या कार्डाची पुस्तिका मीच वाचायला मागितली. इंग्रजी किचकट, लेकीनं अर्थ लावून दिला. काही कार्डं आयर्लंड, इस्रायल, जमैका असे देश वगळतात म्हणे. याच्या कार्डात भारत बसत होता. काउंटरवरचा विमा नाकारला.

तेलगावला चहा झाला. जावयानं किल्ली पुढं केली, ‘‘मामा, घाट तुम्हीच चढवा, रस्ता तुमचा.’’

करारात माझं नाव नव्हतं. मी मागचा दरवाजा उघडून नातवाशेजारी बसलो.