कृपा आणि नेम

ख्रिस्ती माणसाची आध्यात्मिक वाढ दोन गोष्टींवर चालते, देवाची कृपा आणि माणसाचा रोजचा नेम. कृपा म्हणजे न कमावता मिळालेले देणे. नेमात प्रार्थना येते, शास्त्रवाचन येते, उपवास, उपासना, दानधर्म, पापांची कबुली येते आणि हातातले रोजचे कामही येते. पेच इथेच आहे. देणे खरोखर फुकट असेल, तर पहाटे उठून गुडघे टेकायचे कशाला? आणि गुडघे टेकून काही पदरात पडत असेल, तर ते फुकट कसले? संत पौल फिलिप्पैकरांना लिहिताना वाचकांना आपल्या तारणासाठी झटायला सांगतो आणि त्याच दमात ते झटणेही त्यांच्या ठायी देवच करतो आहे, असे म्हणतो. ही गाठ सोडवायच्या भानगडीत तो पडत नाही. पुढच्या पिढ्या मात्र पडल्या.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाच्या ब्रिटिश साधकाने माणूस आपल्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो असे प्रतिपादन केले. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला आयुष्यभराच्या ताकदीने विरोध केला आणि 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते अमान्य ठरवली. अकराशे वर्षांनी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या निमित्ताने तोच वाद पुन्हा पेटला, चर्च दुभंगले आणि कॅथलिक व ल्यूथरन यांना या प्रश्नावर संयुक्त निवेदन करायला 31 ऑक्टोबर 1999 चा दिवस उजाडावा लागला. कृपा आधी येते, माणसाची धडपड तिच्यामागून येते, एवढे आता बहुतेक सगळे मान्य करतात. पण विद्वानांनी मान्य केलेली गोष्ट माणसाच्या दिवसात उतरायला वेगळाच रस्ता लागतो.

तो रस्ता इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. 1729 पासून ऑक्सफर्डमध्ये ते, त्यांचे भाऊ चार्ल्स आणि काही मित्र काटेकोर नेमाने राहत. ठरल्या वेळी प्रार्थना, बुधवारी आणि शुक्रवारी उपवास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी. त्यांच्या या शिस्तीची थट्टा होई आणि 'मेथडिस्ट' हे नाव त्या थट्टेतूनच चिकटले. एवढे करूनही वेस्लींच्या मनाला स्वस्थता नव्हती. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीला ते फारशा इच्छेविना गेले. तिथे ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कोणी तरी वाचत होते. ती ऐकताना, आपल्यालाही क्षमा झाली आहे, हा भरवसा त्यांना प्रथमच वाटला.

या प्रसंगाची गोष्ट पुष्कळदा इथेच संपवली जाते, पण खरी शिकवण पुढच्या दोन वर्षांत आहे. लंडनच्या फेटर लेनमधले काही सोबती म्हणू लागले की विश्वास पक्का होईपर्यंत प्रार्थना, वाचन, प्रभुभोजन सगळे थांबवावे, कारण हे सारे कृपेच्या आड येते. वेस्लींनी ते साफ नाकारले आणि 1740 मध्ये ते त्या मंडळातून बाहेर पडले. त्यांच्या मते हे नेम कृपेची किंमत नव्हेत. कृपा पोहोचते त्या ठरलेल्या वाटा आहेत. म्हणून त्यांनी ऑक्सफर्डमधला नेम सोडला नाही. त्यातली कमाईची हाव तेवढी गेली.

मराठी मुलुखात हेच वळण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आले आणि तिथे ते जास्त खोल होते. वेस्लींना प्रश्न पडला तो पोटभर जेवणाऱ्या विद्यापीठात. रमाबाईंना तो भुकेच्या वाटेवर पडला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे सारे कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थी हिंडत आणि पुराणे सांगत. व्रते, स्नाने, दाने, उपास यांत जवळचा पैसा संपला. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. पुण्य जमवण्यासाठी माणूस काय काय करतो आणि ते सारे करूनही रिकाम्या हातांनी कसा राहतो, हे रमाबाईंनी ग्रंथांतून शिकायच्या आधी पाहिले होते.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मुंबईत त्यांनी 1889 मध्ये शारदा सदन उघडले, ते पुढल्या वर्षी पुण्याला हलवले. त्यांची उपासना चालू होती, कामही चालू होते. तरी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतः पाळक असूनही आपल्याला हवे ते गवसलेले नाही, हे त्याला उशिरा कळले होते. रमाबाईंनी त्यात आपलाच चेहरा ओळखला. धर्मांतर आणि हृदयपरिवर्तन यांत आठ वर्षांचे अंतर पडू शकते आणि ते उघडपणे सांगता येते, ही त्या साक्षीतली सर्वांत धीट गोष्ट म्हटली पाहिजे. धर्म बदललेल्या माणसाकडून स्वकीय आणि परकीय दोघेही ठाम विजयाची भाषा ऐकू इच्छितात.

त्यानंतर रमाबाईंचे नेम वाढलेच. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. शेती, गाईगुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे सारे तिथे चाले. टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन होते, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन. दिवस प्रार्थनेने सुरू होई आणि प्रार्थनेनेच संपे. मधला सगळा वेळ कामाचा. 1905 मध्ये तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मुली रडल्या, पापे कबूल केली, रात्र रात्र प्रार्थना केल्या. बाहेरच्या जगाने त्याचीच चर्चा अधिक केली. पण रमाबाईंच्या वाढीचा पुरावा शोधायचा तर तो एका संथ कामात सापडतो. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी वर्षानुवर्षे बसल्या. मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवून ते छापले. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले.

रोजच्या नेमांपैकी सगळ्यांचे वजन सारखे नाही. उपवासाबद्दल फार बोलावे लागत नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे रविवार वगळता चाळीस दिवस तो पाळला जातो. भुकेल्याला अन्न न देणारा उपवास देवाला नको, हे यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात इतके रोखठोक आहे की त्यावर भाष्य करणाऱ्याने गप्प बसावे.

आत्मपरीक्षणाचे मात्र तसे नाही. ते वाटते त्याहून अवघड आहे. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नाशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. तीत दिवसाची तपासणी सांगितली आहे. तिची पहिली पायरी चुका शोधण्याची नसून आभार मानण्याची आहे. मग मनात उजेड पडावा म्हणून याचना, मग दिवस तासातासाने पाहणे, मग क्षमायाचना आणि शेवटी उद्याचा निश्चय. क्रम बदलला की सगळे बिघडते. आधी दोष मोजायला बसलेला माणूस एक तर खचतो, नाही तर वकिली करू लागतो. मिळाले काय याची आठवण आधी झाली, तर आपले दोष पाहण्याइतकी सुरक्षितता मनाला येते. कृपा आधी, प्रयत्न मागून, हा सगळा सिद्धान्त या पाच पायऱ्यांत कुणाला न सांगता बसवलेला आहे.

याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले आणि तिथलेच होऊन राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी होता. जुनी पुराणे सुटल्यावर कानांना पडलेली पोकळी त्याने भरली आणि रविवारी, सणावारी, उपवासकाळात देवळांतून तो वाचला जाऊ लागला. श्रद्धा वाढायची तर ती आपल्या छंदात, आपल्या तोंडी रुळलेल्या चालीत ऐकू यावी लागते, हे त्या इंग्रज जेझुइटाने चारशे वर्षांपूर्वी जाणले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिताना हीच जाण ठेवली.

वसईत आणि गोव्यात अनेक घरांतून तिन्हीसांजेला रोझरी म्हटली जाते, गोव्यात तिला तेर्स म्हणतात. आजीपासून नातवापर्यंत सगळे वेदीसमोर बसतात. मुले पेंगतात, कुणाचे लक्ष स्वयंपाकघरातल्या शिट्टीकडे असते. त्याच त्या शब्दांच्या आवर्तनावर प्रॉटेस्टंटांचा जुना आक्षेप आहे, तो अगदीच पोकळ नाही. ओठ चालतात आणि मन फिरायला जाते. पण रोझरीची मांडणी पाहिली तर आवर्तन हा ताल आहे, आशय वेगळा आहे. प्रत्येक दशकाबरोबर, म्हणजे दहा मण्यांबरोबर, येशूच्या किंवा मरियेच्या जीवनातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा असतो. 2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पाच प्रसंग वाढवल्यापासून असे वीस प्रसंग आहेत. शिवाय भटकलेले मन परत आणणे, हीच तर पुष्कळदा त्या संध्याकाळची प्रार्थना असते.

कामालाच प्रार्थना बनवण्याबाबत सर्वांत जास्त नाव घेतले जाते ते पॅरिसच्या ब्रदर लॉरेन्स यांचे. मूळ नाव निकोला एर्मां, लोरेनचा गरीब मुलगा, तीस वर्षांच्या युद्धातला सैनिक. कार्मेलाइट मठात त्याला मुदपाकखाना मिळाला आणि उतारवयात वहाणा दुरुस्त करण्याचे काम. लॉरेन्सला स्वयंपाक मुळीच आवडत नसे, हे त्याची गोष्ट सांगताना गाळू नये. देवाच्या सान्निध्याची सवय त्याने नावडत्या कामातच लावून घेतली आणि तिला बरीच वर्षे लागली. जनाबाईचे जाते ज्या वाचकाच्या कानांत आहे त्याला हे नवे वाटणार नाही. फरक असला तर एवढाच की जनीला दळणात सोबत मिळते आणि लॉरेन्स ती सोबत आठवण्याचा सराव करत राहतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या घरी कृपेची परीक्षा स्वयंपाकघरातच झाली. बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नवऱ्याचा देव दूरच राहिला, त्याच्या हातचे पाणीही त्यांना चालण्यासारखे नव्हते. त्यांचे मन वादविवादाने वळले नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच स्वतःला विचारला, विटाळ आधी मनातून आणि मग ताटातून गेला, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातली अनाथ मुले पुढे त्यांच्याच पंगतीला जेवली. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळे त्या हसत हसत सांगतात. स्वतःच्या सोवळ्याची थट्टा इतक्या निर्मळपणे करता येणे, हे वाढीचे लक्षण धर्मशास्त्राच्या पुस्तकांत सहसा नोंदलेले नसते.

खुद्द टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगांतून वाहिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत. गाणे हा नेमांतला सर्वांत कमी कष्टाचा आणि सर्वांत टिकाऊ. प्रवचन रविवारी दुपारपर्यंत विसरते, पद आठवडाभर भांडी घासताना तोंडात राहते. ज्यांना वाचता येत नव्हते, अशा कितीतरी जणींचे धर्मज्ञान या पदांवर पोसले गेले. टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य 9 मे 1919 रोजी त्यांच्या निधनाने अर्धवट राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते साठाहून अधिक अध्याय लिहून पुरे केले.

वाढ होते आहे की नाही हे कळावे कसे? मार्कच्या शुभवर्तमानातला शेतकरी बी पेरतो, झोपतो, उठतो आणि ते कसे उगवते हे त्याला कळत नाही. साधकाचेही तसेच. भावनेचा ओलावा हे माप खात्रीचे नाही. सोळाव्या शतकात क्रूसभक्त संत योहान यांनी अंतरीच्या काळोख्या रात्रीचे वर्णन केले. मदर तेरेसांची पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत देव जाणवलाच नव्हता. प्रार्थना मात्र त्यांनी सोडली नव्हती. पौल गलतीकरांना आत्म्याची नऊ फळे सांगतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, संयम. या यादीत प्रार्थना नाही, उपवास नाही, एकही नेम नाही. आणि यांतली बहुतेक फळे ज्याची त्याला दिसत नाहीत. सहनशीलता वाढली की नाही, हे घरच्यांना विचारावे लागते.

म्हणून एकट्याने वाढण्याला ख्रिस्ती परंपरेने फारसे उत्तेजन दिले नाही. वेस्लींच्या चळवळीत 1742 मध्ये ब्रिस्टलला बारा-बारा जणांचे गट पडले, तेही खरे म्हणजे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी. दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायला प्रमुख घरोघर जाऊ लागले, तेव्हा कुणाचा संसार कसा चालला आहे, कोण दारूकडे वळला आहे, कोण खचला आहे, हे त्यांना दिसू लागले. पुढे प्रमुखाने घरोघर जाण्याऐवजी सगळे एकत्र बसू लागले आणि वसुलीच्या बैठकीतून एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करणारी सभा तयार झाली. मराठी मंडळ्यांतल्या घरगुती प्रार्थनासभा त्याच जातीच्या आहेत. आज याच्या घरी, पुढल्या आठवड्यात त्याच्या घरी. एक शास्त्रपाठ, दोन पदे, कुणाची तरी साक्ष, आजाऱ्यांसाठी आणि परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी प्रार्थना, मग चहा. चहाच्या वेळी निघणाऱ्या गोष्टी पुष्कळदा साक्षीपेक्षा खऱ्या असतात, आणि पुढच्या आठवड्याची प्रार्थना त्यांतूनच ठरते.