मुंबईचा काळा घोडा

मंडळी, मुंबईला आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी गेलेले असतात. कोणी मंत्रालयात कामाला, कोणी टाटा रुग्णालयात आजारी माणसाला घेऊन, कोणी वाशीच्या बाजारात माल घेऊन. काम झाले की आपण स्टेशन गाठतो. फार तर गेटवे ऑफ इंडिया आणि राणीची बाग पाहतो. या दोन्हींच्या अधेमधे, फोर्ट भागाच्या दक्षिण टोकाला, काळा घोडा नावाचा एक भाग आहे. एवढ्याशा जागेत एक मोठे वस्तुसंग्रहालय, दोन चित्रदालने, शंभर-दीडशे वर्षांची दोन-तीन ग्रंथालये आणि जुने सरकारी दफ्तर अशी दाटी मुंबईत दुसरीकडे नाही. वस्ती श्रीमंतांची. त्यामुळे आपल्यासारखा माणूस तिथून जातो तो जरा अंग चोरूनच.

मी स्वतःच तसा गेलो होतो. कृषी पदवीधर होऊन नुकताच नोकरीच्या शोधात होतो. मुलाखत आटोपली, गाडीला चार तास होते, म्हणून चालत निघालो. जहांगीर कलादालनाच्या दाराशी आलो. आत पांढऱ्या भिंती, दिवे, इंग्रजी बोलणारी माणसे. माझ्या पायात चपला, हातात कागदपत्रांची पिशवी. मला कोणीही अडवले नाही, कोणी काही विचारलेही नाही. पण मीच ठरवून टाकले की हे आपल्यासाठी नाही, आणि समोरच्या झाडाखाली तासभर बसून परत गेलो. तिथे प्रवेशाला एक पैसाही पडत नाही, हे मला फार वर्षांनी कळले.

मागच्या वर्षी चोपडा भागातले वीस-बावीस शेतकरी घेऊन अभ्यासदौऱ्यावर गेलो, तेव्हा हा जुना हिशेब फेडायचा ठरवला. वाशीचा बाजार पाहून झाला होता, अर्धा दिवस हाताशी होता. मी म्हटले, चला, तुमच्या कापसाने बांधलेली मुंबई दाखवतो. तात्यांना वाटले साहेब थट्टा करतात. पण ही थट्टा नव्हे.

ते कसे, ते आधी सांगतो. इंग्रजांनी मुंबईला किल्ला बांधला होता. भोवती तट, बाहेर खंदक आणि पुढे मोकळे मैदान. काळ्या घोड्याच्या रस्त्याचे जुने नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ. आज तिथे तटाचा एक दगड दिसत नाही. १८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आला आणि त्याच्या कारकिर्दीत हा तट पाडून टाकला गेला. नेमक्या त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळी मागणी हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडली. भाव असे भडकले की मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून कापूस विकला असे सांगतात. कापसाचा बाजार तेव्हा कुलाब्याला भरे. आपल्या खानदेश-वऱ्हाडचा माल बैलगाड्यांनी निघायचा. कसाऱ्याच्या घाटातून रेल्वे धावू लागली ती १८६५ साली, म्हणजे युद्ध संपता संपता.

पैसा आला, आणि आला तो मुंबईत साठला. दलाल, अडते, जहाजवाले, पेढीवाले यांच्या हाती इतका पैसा आला की रोज नवी कंपनी निघे आणि तिचे शेअर दुपारपर्यंत दामदुप्पट होत. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या तर फारच गाजल्या. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि त्याबरोबर या कंपन्याही. या सगळ्या खेळातला मोठा गडी प्रेमचंद रायचंद. तोही त्यात बुडाला. पण बुडण्यापूर्वी त्याने विद्यापीठाला मोठी देणगी देऊन ठेवली होती. त्यातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. राजाबाई हे त्याच्या आईचे नाव. काळ्या घोड्यापासून हा मनोरा दोन मिनिटांच्या वाटेवर आहे. उंची २८० फूट.

तात्यांनी मान वर करून मनोरा पाहिला आणि विचारले, "साहेब, भाव पडला तेव्हा शेटजी बुडाला हे समजलं. पण शेतकऱ्याचं काय झालं?"

हा प्रश्न मला कोणत्याही वाटाड्या पुस्तकात सापडला नव्हता. उत्तर मात्र इतिहासात आहे. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. पुणे आणि नगरकडच्या कोरडवाहू गावांतही कर्ज सोपे झाले. मंदी आली तशी सावकारांनी हात आखडला आणि वसुलीचा तगादा लावला. वर सरकारने जमिनीचा सारा वाढवला. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजारच्या दिवशी, शेतकरी उठले. दंगा पुण्या-नगरच्या अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कागदावर जास्त होता. सावकाराकडून रोखे हिसकावून घ्यायचे आणि चौकात जाळायचे, एवढाच कार्यक्रम.

आता गंमत बघा. त्याच १८७५ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज एडवर्ड मुंबईला उतरला. या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून या बड्या व्यापाऱ्याने त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा शहराला भेट दिला. बोएम नावाच्या शिल्पकाराने तो ब्राँझचा घडवला आणि १८७९ साली तो या चौकात बसवला. ब्राँझ काळसर, म्हणून लोकांनी राजाला बाजूला ठेवून चौकाचे नाव काळा घोडा पाडले. आणि त्याच १८७९ साली दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून काहीसे सोडवणारा कायदा सरकारने केला. एकीकडे पुतळा, एकीकडे कायदा, साल एकच.

पुतळा १९६५ साली हलवला. तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. पन्नासएक वर्षे चौकात घोडा नव्हता, नाव मात्र काळा घोडाच. आपल्या गावात नाही का, चिंच वाळून गेली तरी थांब्याचे नाव चिंचेचा थांबा राहते, तसेच. २०१७ साली तिथे पुन्हा एक काळा घोडा उभा केला आहे. त्याच्या पाठीवर स्वार नाही. आमच्यातल्या एका तरुणाने लगेच फोटो काढून गावाकडे पाठवला आणि खाली लिहिले, 'लगाम कोणाच्याच हाती नाही.'

घोड्याच्या आसपासच्या इमारती पाहताना पायाखालच्या आणि भिंतीतल्या दगडाकडे अवश्य बघा. माझा विषय माती, म्हणून माझी नजर तिकडेच जाते. वस्तुसंग्रहालयाच्या बांधकामात दोन दगड आहेत: कुर्ल्याच्या खाणीचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. हा बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाणच. लाखो वर्षे ऊन-पावसात तो कुजला, झिजला, त्याचीच आपली काळी कसदार जमीन झाली, आणि त्या जमिनीत कापूस पिकला.

ससून घराण्याच्याच नावाचे डेव्हिड ससून ग्रंथालय समोर आहे. इमारत १८७० ची, पिवळ्या दगडाची. ही संस्था मुळात टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या कारागिरांनी १८४७ साली स्वतःच्या ज्ञानासाठी काढली होती, हे विशेष. यंत्राला तेल घालणारे हात संध्याकाळी पुस्तक धरत. शेजारी एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत, तिच्यात राज्याचे पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी दफ्तर. कंपनी सरकारच्या काळापासूनचे कागद तिथे गठ्ठ्यांनी आहेत. पलीकडे वॉटसन हॉटेलची इमारत, लोखंडी सांगाड्याची. तिचे लोखंड इंग्लंडात ओतून इथे आणून जोडले. ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानातला पहिला सिनेमा इथे दाखवला गेला. आज ती पार मोडकळीला आली आहे. इतक्या श्रीमंत वस्तीत असे घर मरणाला टेकलेले पाहून आजींना नवल वाटले. "भाऊबंदकी असंल," त्या म्हणाल्या.

आता मुख्य जागा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ ला बसली, आणि ती बसवणारा युवराज जॉर्ज म्हणजे घोड्यावरच्या एडवर्डचाच मुलगा. इमारत बांधली जॉर्ज विटेट याने. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर. बांधून झाली तोवर पहिले महायुद्ध आले आणि तिथे जखमी सैनिकांचे इस्पितळ झाले. लोकांसाठी ती उघडली १९२२ साली. १९९८ मध्ये तिला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले.

दारावर पोचलो तर आजी पायरीशी थबकल्या. चपला काढू की नको, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटले, राहू द्या. तरी त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला, देवळात घेतात तसा. मला माझी तीस वर्षांपूर्वीची पिशवी आठवली.

मधल्या मोठ्या दालनात गेलो आणि त्यांची भीड एकदम गेली. तिथे कोरीव लाकडी खांब आणि कमानी आहेत. विटेटने नाशिकच्या एका जुन्या वाड्याचे काम विकत घेऊन ते इथे बसवले आहे. आजींचे माहेर नाशिककडचे. खांबावरून हात फिरवता येत नाही म्हणून त्या नुसत्याच त्याच्याभोवती फिरल्या. "आमच्या पाटलाच्या वाड्याला असेच होते. पाडला तेव्हा जळणाला गेले," म्हणाल्या. मंडळी, तुमच्या गावात असा वाडा उभा असेल तर पाडण्याआधी निदान फोटो काढून ठेवा.

पुढे किती काय काय आहे! मोहेंजोदडोच्या वस्तू, सिंधच्या मीरपूर खासच्या स्तूपातल्या मातीच्या मूर्ती, लघुचित्रे, हत्यारे, टाटा घराण्याने दिलेल्या चिनी-जपानी वस्तू. सगळे एका दिवसात बघण्याचा हट्ट करू नका, डोके जड होते. आम्ही प्राणी-पक्ष्यांच्या दालनात सर्वांत जास्त वेळ काढला. मुंबईच्या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) मदतीने ते उभे राहिले; संस्था १८८३ ची, तिचे घरही जवळच आहे. पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून जगभर नाव झालेले सलीम अली १९२६ च्या सुमारास याच दालनात माहिती सांगण्याच्या नोकरीवर होते. आम्हाला मात्र माहिती सांगणारा लागला नाही. आमची माणसे एकेका पक्ष्यापुढे उभी राहून सांगू लागली: हा कुठे घरटे करतो, हा कोणती अळी खातो, हा आता फवारणीपासून दिसत नाही. दोन कॉलेजच्या मुली वही काढून लिहून घेऊ लागल्या. तात्यांनी त्यांना टिटवी उंचावर अंडी घालते की सखल जागी, त्यावरून पावसाचा अंदाज कसा बांधतात हेही सांगितले. शास्त्राच्या कसोटीला ते उतरत नाही, पण मी मध्ये बोललो नाही.

बाहेर आल्यावर जहांगीर कलादालन. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, संग्रहालयाच्याच आवारात, १९५२ साली ते उभे राहिले. या वेळी मी पुढे झालो आणि सगळ्यांना आत नेले. चित्रे काहींना कळली, काहींना नाही. मलाही सगळी कळली नाहीत. एक चित्रकार तिथेच उभा होता. साताऱ्याकडचा निघाला, शेतकऱ्याचाच मुलगा. त्याने सर्वांना पाणी दिले आणि चित्रात नांगरटीचे रंग कसे आणले ते समजावले. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९११ च्या जुन्या सभागृहात १९९६ साली ते सुरू झाले. वेळ संपल्याने ते राहिले.

मागच्या गल्ल्यांत उंची कपड्यांची दुकाने आणि कॉफीची ठिकाणे आहेत. आमच्यातल्या दोघांनी हौसेने एकेक कॉफी घेतली. त्या दिवशीच्या कांद्याच्या भावाने एका पेल्याला वीसेक किलो कांदे गेले असते. तेव्हा भाकरी बांधून न्या आणि पाणी बरोबर ठेवा. १९९९ पासून फेब्रुवारीत इथे मोठा कलामहोत्सव भरतो, गर्दी अफाट असते. निवांत पाहायचे तर तो टाळून, सुगी आटोपल्यावर जा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पायी वीसएक मिनिटे लागतात. संग्रहालयाला तिकीट आहे. जहांगीरला नाही, हे पुन्हा सांगतो.

गाडीकडे निघालो तेव्हा तात्या एल्फिन्स्टनच्या इमारतीपुढे रेंगाळले. दफ्तराच्या खिडक्यांकडे बघत म्हणाले, "आमच्या पणज्याच्या नावचा कर्जाचा कागद असंल का हो इथं?"

मी म्हटले, सावकाराचा कागद सावकाराकडे राहतो तात्या, इथे फक्त सरकारचे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पुढच्या खेपेला नातीला आणतो, तिला वाचता येतं.