भायखळ्याला उतरून

16 एप्रिल 1853. बोरीबंदर ते ठाणे, 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. एवढं शाळेतच पाठ झालेलं असतं. पण इतिहास शिकवणारे एक स्नेही परवा बोलता बोलता म्हणाले, "भायखळ्याला 1852 सालीच इंजिन धावत होतं. अर्थात ते ठेकेदाराचं काम, त्याला रेल्वे म्हणायचं नाही." हे 'म्हणायचं नाही' मला झोपू देईना. मी मुंबई गाठली.

लॉज भायखळ्यातच घेतलं. खोलीला खिडकी नाही, नळाला पाणी नाही, भाडं मात्र आगाऊ. सकाळी लवकरच बाहेर पडलो. राणीबाग, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्ही बाहेरूनच पाहिली. पाय स्टेशनाकडे ओढत होते.

आजची दगडी इमारत 1857 च्या आसपासची. अलीकडे तिची देखणी डागडुजी झाली आणि 2022 साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तो तिला मिळायलाच हवा होता. स्लो लोकलच्या गर्दीतही मला दिसत होतं ते 'फॉकलंड', मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलेलं छोटं इंजिन. रुळांच्या कामासाठी ते इथे डबे ढकलत असे. मुंबईकरांनी आगगाडीचा धूर प्रथम पाहिला तो त्याचा. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई 1845 पासून ज्या रेल्वेसाठी झटत होते, ती इथे पहिल्यांदा हलू लागली होती.

स्नेह्यांना तिथूनच फोन लावला. ते ठाम: तिकीट काढून माणूस बसला की रेल्वे सुरू होते. मला हे पटत नाही. रुळाखालची माती टाकणारा माणूस मग कुठे मोजायचा?

ठाण्याला जायचं ठरलं होतं, पण मन बदललं आणि शीवला उतरलो. 31 ऑक्टोबर 1850 रोजी याच भागात पहिली कुदळ पडली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले, ठेकेदार फेव्हिएल आणि फाउलर. शीवच्या दलदलीत भराव घालून मार्ग पुढे कुर्ल्याकडे नेला. आज दोन्ही बाजूंना इमारती इतक्या दाटल्या आहेत, की ती दलदल डोळ्यांसमोर आणायला बराच वेळ पुलावर उभं राहावं लागलं. घामाघूम झालो, पण हलवेना.

याच फेव्हिएलला पुढे बोरघाटाचा ठेका मिळाला. 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून तिथल्या मजुरांनी दंगा केला आणि ठेका त्याच्या हातून गेला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे चालवलं आणि 1863 साली घाटातून गाडी गेली. ठेकेदाराचं काम वगळून ही कहाणी सांगताच येत नाही. शीवहून परतताना खंडाळ्याला कधी जायचं, तेच ठरवत होतो.