रिपोर्ट नॉर्मल असताना गेलेलं

भुवईचा शेवट. बाहेरचा, कानाकडे जाणारा तिसरा हिस्सा. आधी विरळ झाला, मग बोटाने चाचपल्यावर नुसती कातडी लागू लागली. पार्लरवालीच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. "ताई, इथे काढायला केसच नाहीत," म्हणाली आणि पेन्सिलीने रेघ ओढून दिली.

घाम. मे महिन्यात सगळं घर पंख्याखाली आणि मी पायावर चादर घेऊन.

अंगठी. साबण लावून काढली, ती कपाटात आहे.

काळी चार. भजनी मंडळात मी काळी चारमध्ये गात असे. आता काळी दोनमध्येही वरचा सा लागत नाही. पेटीवर बसणाऱ्या मावशी काही न बोलता सूर खाली घेतात. घसा बसला असेल म्हणून ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडलं की स्वरतंतू सुजून जाड होतात आणि आवाज घोगरा होतो, हे मला फार उशिरा कळलं. गाणं गेलं याचं दुःख घरात कुणाला सांगता येत नाही. घरात ते दुखण्यात धरत नाहीत.

घेवड्याचं नाव. भाजीवालीसमोर उभी राहिले, घेवडा दिसत होता, नाव येत नव्हतं. बोट दाखवून "हे पाव किलो" म्हटलं.

दुपार. जेवणानंतर आडवी झाले की उठते तेव्हा दिवे लागलेले असतात, आणि तरीही थकवा तसाच.

पाळीची तारीख. कधी दोन महिने नाही, मग आली की थांबत नाही.

सकाळचा पहिला चहा. हा थायरॉइडच्या गोळीने घेतला. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास काही नाही. हे नुकसान मी आनंदाने सोसते, कारण चहा, दूध, नाश्ता लगेच पोटात गेला की गोळी अंगी लागत नाही.

एवढं सगळं गेलं असताना थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर टीएसएच हद्दीत होता. हद्द लॅबप्रमाणे थोडी बदलते, साधारण ०.४ ते ४ धरतात. डॉक्टरांनी कागद पाहिला, मान हलवली. "थायरॉइड कंट्रोलमध्ये आहे. वजन कमी करा, चालायला जा, टेन्शन घेऊ नका." मी यादी सांगायला सुरुवात केली तोवर पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं.

खरं तर या दुखण्यावरच्या उपचाराची सुरुवातच अशा यादीने झाली. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरी या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला टोचायला सुरुवात केली. तोवर या आजारात गेलेलं परत येत नसे. मरीपाशी रक्ताची कुठली तपासणी असणार? त्याने बाईकडे पाहिलं. चेहऱ्याची सूज उतरली, बोलण्याचा वेग वाढला, कातडीला घाम येऊ लागला, बंद झालेली पाळी परत आली. हीच त्याची मोजणी. ती बाई पुढे २८ वर्षं जगली.

टाचेमागच्या शिरेवर हलकी हातोडी मारून पाहणं. पाऊल झटक्यात खाली जातं आणि रेंगाळत परत येतं, ही या आजाराची जुनी खूण. गळ्यावर बोटं ठेवून "घोट गिळा" म्हणणं. दवाखान्यातून या गोष्टीही जवळजवळ गेल्या.

टीएसएचच्या तपासणीवर मात्र माझा राग नाही. १९७०च्या दशकात ती रुळण्याआधी डोस बराचसा अंदाजाने ठरे आणि पुष्कळांना जास्त दिला जाई. जास्त डोसाने हाडं झिजतात, हृदयाचे ठोके बिघडतात. आकड्याने त्यातून माणसं वाचवली. पण टीएसएच हा पीयूषिका ग्रंथीचा निरोप आहे. मेंदूच्या तळाशी बसून ती थायरॉइडकडे हॉर्मोन मागते, पुरेसं मिळालं की मागणं कमी करते. गोळीत असतो टी-४ हा हॉर्मोन, आणि त्याचा कामाचा टी-३ शरीराला ठिकठिकाणी बनवावा लागतो. पीयूषिकेला पुरलं म्हणजे स्नायूंना, कातडीला, आवाजाला पुरलंच, असं त्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. टी-४ बरोबर टी-३ची जोड दिल्याने सगळ्यांना फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, काहींना मात्र बरं वाटतं. वाद चालू आहे. आकडा जागेवर येऊनही साधारण ५ ते १० टक्के लोकांची लक्षणं उरतात, हे डॉक्टर मंडळीही मानतात.

आणि रुग्ण थोडे नाहीत. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरातल्या सुमारे अकरा प्रौढांना थायरॉइड कमी असल्याचं आढळलं. बायकांचं प्रमाण पुरुषांहून जास्त.

गेलेल्यांत एक चांगली गोष्टही आहे, गळ्याची गाठ. हिमालयाच्या पायथ्याला गावंच्या गावं गलगंडाची होती. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून दाखवला, १९६२ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गाठी ओसरल्या. म्हणजे थायरॉइडचं दुखणं हटवता येतं, मनावर घेतलं तर.

आता पुष्कळ घरांत असलेला गोळ्यांचा डबा. "सकाळ" लिहिलेल्या खणात थायरॉइडची गोळी, शेजारी लोहाची, कॅल्शियमची, ॲसिडिटीची. चारही एकाच घोटाबरोबर. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब हवेत, नाहीतर ते तिला आतड्यातच अडवतात. ॲसिडिटीच्या गोळीनेही ती कमी शोषली जाते. केस गळतात म्हणून बायोटिन चालू असेल तर मोठ्या डोसाने काही लॅबमध्ये टीएसएच खोटाच कमी दिसतो, म्हणून तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवावं. डोस बदलल्यावर रक्तात तो स्थिरावायला सहाएक आठवडे लागतात, पंधरा दिवसांत केलेली तपासणी काही सांगत नाही. हे सगळं दोन मिनिटांत सांगून होतं. बायका वर्षानुवर्षं गोळी घेतात आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं. हा उपचार अपुरा आहे, मग रिपोर्ट काहीही म्हणो.

थकव्याला दुसरीही कारणं असतात. लोह कमी, बी-१२ कमी, झोपेत श्वास अडणं. ज्यांचा थायरॉइड शरीराच्याच प्रतिकारशक्तीने पोखरला आहे, त्यांच्यात बी-१२ची कमतरता आणि सिलिअ‍ॅक रोग जास्त आढळतात. टीएसएच नॉर्मल निघाल्यावर तिथे थांबायचं नसतं, पुढचं शोधायचं असतं.

तुमचीही अशी यादी असेल तर डोस स्वतःहून वाढवू नका, गोळी सोडूही नका. काय गेलं आणि साधारण कधीपासून, ते रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा. कुठली गोळी किती वाजता घेता, तेही लिहा. डॉक्टरांचा आकडा वाचून झाला की कागद उलटा करून त्यांच्यापुढे ठेवा, आणि ते वाचेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.