दादांचा हात आणि रायफलीची दुर्बीण

इंदूरला रामबागेकडच्या जुन्या लोकांना आठवेल, आमच्या थोरल्या बंधूंना, दादांना, नेमबाजीचा भारी नाद. स्पर्धा वगैरे नाही. मागच्या अंगणात गोदड्या भरलेली पेटी, तिच्यावर कागद, न् १० मीटरवरून एअर रायफल. वय आता ८१. गेल्या हिवाळ्यात छर्रे कुठेही पडू लागले, तेव्हा रायफल खोळीत घालून म्हणाले, "संपलं रे. हात हलतो, मोतीबिंदूनंतर डोळाही तो राहिला नाही." त्यानंतर अंगणात येऊन बसणंसुद्धा बंद. वहिनींचा मला फोन.

बँकेत शिलकेत फरक आला की आम्ही माणसावर नंतर, आधी खतावणीवर संशय घ्यायचो. म्हणून आधी पुतण्याला नेम धरायला लावला. त्याचेही छर्रे तसेच! चाळिशीतल्या माणसाचाही हात हलतो का? दुकानदार तर न बघताच "नवी दुर्बीण घ्या" म्हणून मोकळा झाला होता.

माउंटचे दोन स्क्रू ढिले निघाले. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका आधी मागे, मग पुढे बसतो, त्यात चांगल्या दुर्बिणी खिळखिळ्या होतात. आवळले, पण दुखणं तेच. वरचा नॉब १० क्लिक फिरवा, काही नाही. आणखी दोन फिरवले की छर्रा एकदम उडी मारून भलतीकडे.

मग चौकोन काढला. या दुर्बिणीच्या एका क्लिकने १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर फरक पडतो, म्हणजे १० मीटरवर पाऊणसुद्धा नाही. नेम सगळा वेळ एकाच ठिपक्यावर, नॉब मात्र २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे. दर ठिकाणी ५ छर्रे. प्रत्येक बाजू १४-१५ मिलिमीटर यायला हवी न् शेवटचा पुंजका पहिल्यावर. आडव्या बाजू ठीक आल्या, उभ्यांचा पार गोंधळ.

कारण सापडलं. मोडून भरायच्या रायफलीची नळी पुष्कळदा किंचित खाली झुकलेली असते. त्याची भरपाई करता करता वरचा नॉब टोकाला गेला होता. दुर्बिणीच्या आतल्या नळीला एक स्प्रिंग दाबून धरते. नॉब टोकाला गेला की तिचा जोर उरत नाही, नळी अडकते न् झटक्याने सरकते.

नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवून फेरे मोजले, निम्म्यावर आणून ठेवला. उरलेली उंची मागच्या रिंगखाली जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचे दोन तुकडे घालून काढली. फिल्म वहिनींनी दिली, कुठल्या समारंभाची ते मी विचारलं नाही. पुन्हा चौकोन काढला, बंद झाला.

दादांना हाताला धरून आणलं. पाच छर्रे मारले, चार एका रुपयाखाली झाकतील असे. पाचवा बाहेर. चष्मा वर करून बघत म्हणाले, "हा मात्र माझा."

आता रोज सकाळी ठो ठो चालू. वहिनींना पापड गच्चीवर वाळवावे लागतात.