दोघींत चौघीजणी

आमच्या प्रतीला पुठ्ठा नव्हता. सुरुवातीची काही पानं गेलेली होती, आणि शेवटची किती गेली होती ते कळायला मला पुढं सहा वर्षं लागली. शाळेतल्या बाईंनी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि त्यावर निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘चौघीजणी – शांता शेळके’. मूळ लेखिकेचं, लुईसा मे अल्कॉटचं, नाव कुठंच नव्हतं. त्यामुळे मेग, ज्यो, बेथ आणि एमी या शांताबाईंनीच रचलेल्या मुली, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

ते साल १९९६. जूनमध्ये मी येडगावला मामाच्या घरी आले आणि सहावीत बसले. आधीच्या दिवाळीत आई गेली होती. वडील मुंबईत डबेवाले. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेडकडची कितीतरी माणसं त्या धंद्यात आहेत. एका खोलीत आठ-दहा बाप्ये राहायचे, पहाटेपासून डब्यांच्या मागं पळायचे. तिथं अकरा वर्षांची मुलगी ठेवणार कुठं? म्हणून मामा.

सुट्टीतला मामा वेगळा आणि बारा महिन्यांचा मामा वेगळा. सुट्टीतल्या भाचीला शिकरण मिळतं, बारमाही भाचीला शेणाची पाटी. मामी वाईट नव्हती. तिची दोन पोरं, सासू, चार गुरं, टोमॅटोची लावणी, आणि त्यात मी. ती मला रागावत नसे आणि जवळही घेत नसे. जेवायला मात्र सगळ्यांच्या आधी वाढायची. या आधी वाढण्यावरूनच मला कळायचं, की आपण अजून पाहुणेच आहोत.

माझ्या बाकावर जी मुलगी बसायची तिचं नाव लिहीत नाही. तिला ते चालणार नाही. तिची आई तमाशाच्या फडात होती. दसऱ्याला फड निघाला की वैशाखापर्यंत गावोगाव, पावसाळ्यात घरी. ही आजीजवळ राहायची. वर्गातल्या मुली तिच्याशी बोलायच्या, पण घरी कुणी बोलवत नसे. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि तिच्या शेजारची नेहमीचीच रिकामी, म्हणून आम्ही एका बाकावर आलो. मैत्री अशीच झाली, त्यात गोष्टीतल्यासारखं काही नव्हतं.

“तिच्यासंगं लई हिंडू नको,” मामी पहिल्याच आठवड्यात म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

पुस्तक दिलं आमच्या मराठीच्या बाईंनी. त्या वर्षी आळंदीला साहित्य संमेलन झालं होतं, शांताबाई अध्यक्ष होत्या आणि आमच्या बाई ते ऐकून आल्या होत्या. वर्गात त्यांनी सांगितलं, “अध्यक्षबाई आपल्या मंचरच्या बरं का.” मंचर म्हणजे पुण्याहून येताना नारायणगावच्या अलीकडं, पुणे-नाशिक रस्त्यावर. एसटी थांबते, वडापाव मिळतो, तेच मंचर. पुस्तकं लिहिणारी माणसं अशा गावात लहानाची मोठी होतात हे आम्हाला खरं वाटेना. बाईंनी मग घरातली ही फाटकी प्रत आणून दिली, दोघींत एक.

दोघींत एक पुस्तक म्हणजे ते मोठ्यानं वाचायचं. पण कुठं? तिच्या घरी मला परवानगी नव्हती, माझ्या घरी तिला. शेवटी आम्ही बराखीच्या आडोशाला बसायला लागलो. आमच्याकडं कांदा साठवायच्या चाळीला बराख म्हणतात. पावसाळ्यात बराखीतला कांदा सारखा निवडावा लागतो, सडका निघाला तर शेजारच्या दहांना घेऊन जातो. मामी आत कांदे निवडायची, मी बाहेर पाट्या भरायची, आणि मैत्रीण पाट्या भरायला मदत करते म्हटल्यावर मामी काही बोलली नाही. कामाच्या माणसाची जात-पात आमच्याकडं जरा उशिरा विचारतात.

चौघी आम्ही दोघींत वाटून घेतल्या. ज्यो आणि एमी तिनं आधीच बळकावल्या. मला मेग आणि बेथ, म्हणजे एक शहाणी आणि एक आजारी. ती वाचायची तेव्हा वाचत नसेच, करून दाखवायची. ज्यो नाटक बसवते आणि ऐन प्रयोगात मनोरा कोसळतो, तिथं ती इतकी हसली की मामीनं आतून विचारलं, “काय झालं गं?” तिला सांगावं लागलं. मग आदल्या दिवशीचं सांगावं लागलं. मग त्याच्याआधीचं. दुसऱ्या दिवशी मामीनं पाटी बराखीच्या तोंडाशी आणून ठेवली आणि तिथंच बसून कांदे निवडायला लागली.

मला आज वाटतं, भाषांतर कसं आहे याची याहून कडक परीक्षा नसेल. मामी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एकदाही “हे कुठलं गाव?” असं विचारलं नाही. बर्फ पडतो, शेगडीशी बसतात, मोज्यांना रफू करतात, हे सगळं तिनं शेजारच्या आळीत चालल्यासारखं ऐकलं. तिचा प्रश्न एकच होता आणि तो रोज असायचा.

“बाप आला का त्यांचा?”

नव्हता आलेला. त्या मुलींचा बाप लढाईवर गेलेला आहे. “कंच्या लढाईला?” मामीनं विचारलं. मला माहीत नव्हतं. मामा वैरण टाकता टाकता म्हणाला, “एकाहत्तरची असंल.” ती अमेरिकेतली यादवी होती, १८६१ ते १८६५ ची, पण एकाहत्तरनं आमचं काही अडलं नाही.

मग केसांचं प्रकरण आलं. बाप आजारी असल्याची तार येते, आईला प्रवासाला पैसे हवेत, आणि ज्यो आपले लांबसडक केस विकून पंचवीस डॉलर आणते. मला रडू आलं. मामीनंही पदर डोळ्याला लावला, कांद्यामुळं असेल. मैत्रीण मात्र हिशोब करत होती. पंचवीस डॉलर म्हणजे किती रुपये? केस किती हात लांब असतील? तिनं सांगितलं की तिची आई गंगावन विकत घेते. स्टेजवर नाचताना वेणी गुडघ्यापर्यंत आली पाहिजे, स्वतःचे केस तेवढे कुणाचे असतात? चांगलं गंगावन महाग मिळतं आणि घासाघीस करावी लागते.

“म्हणजे ते कुणाचे तरी असत्यात,” ती म्हणाली आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. त्या दिवशी वाचन तिथंच थांबलं.

त्या प्रसंगावर मी नंतर बरंच काही वाचलं. ज्योचा त्याग, बाईचं सौंदर्य, वगैरे. विकत घेणाऱ्याच्या बाजूनं विचार केलेला मला अजून कुठं दिसला नाही.

पुढं बेथ आजारी पडते. शेजारच्या गरिबाच्या घरी तान्ह्या बाळाची सेवा करताना तिला ताप लागतो, आई दूर गेलेली, डॉक्टर मान हलवतो. तिथं पान संपलं आणि पुढं पानच नव्हतं. बाईंना विचारलं तर त्यांच्याकडं दुसरी प्रत नव्हती आणि कथानक त्यांना नीट आठवत नव्हतं. “जगते बहुतेक,” त्या म्हणाल्या. या ‘बहुतेक’नं आम्ही दोन रात्री काढल्या.

शेवट मैत्रिणीनं लावला. बराखीपुढं उभी राहून तिनं तो वगासारखा केला. बेथ उठून बसली, बाप घोड्यावरून आला, ज्योचे केस एका रात्रीत वाढले. मामीनं कांदे बाजूला ठेवून पाहिलं आणि मग विचारलं, “जेवली का तू?” घरात नेऊन तिला भाकरी वाढली. ताट आमच्यातलंच होतं. सासूबाई काही बोलणार होत्या, त्यांच्याकडं मामीनं नुसतं बघितलं.

माझं घरात येणं यापेक्षा रुक्ष होतं. दिवाळीनंतर मामा जुन्नरला तहसील कचेरीत दोन खेपा घालून आला आणि रेशनकार्डावर माझं नाव चढवून आणलं. मुंबईच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला वडिलांनी पाठवला होता. नावापुढं नातं लिहिलं होतं, भाची. मामीनं कार्ड उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाली, “आता साखर वाढंल.” बस्स. त्या रात्री मला सगळ्यांच्या आधी वाढलं नाही. पोरांच्या बरोबर वाढलं.

परक्या घरी आलेल्या मुलींच्या परदेशी कादंबऱ्या मी पुढं झपाट्यानं वाचल्या. ‘हायडी’त आल्प्सच्या डोंगरात एकटा राहणारा तुसडा आजोबा नातीमुळं माणसांत येतो. ‘ऍन ऑफ ग्रीन गेबल्स’मध्ये शेतकामाला मुलगा मागवलेला असतो आणि चुकून मुलगी येते. सगळीकडं कुणीतरी वितळतं. साने गुरुजींनाही ही गोष्ट मोहात पाडणारी वाटली असावी. ‘मनूबाबा’ त्यांनी जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून केली आणि त्यांच्या ‘मिरी’तल्या पोरक्या मुलीला घर देतो तो रस्त्यावरचे दिवे लावणारा एक म्हातारा. मराठीत स्वतःची अशी मुलगी फार थोडी, माझ्या वाचनात तरी. आपला गोट्या आहे, फास्टर फेणे आहे, पोरं सायकलवरून हिंडतात आणि चोर पकडतात. मुलीला परक्या घरी आणून सोडायचं तर आपण ते लग्नानंतरच करतो, मग ती बालकादंबरी उरत नाही. आणि खऱ्या घरात वितळत कुणी नाही. लोकांना कामं असतात. कार्डावर नाव चढतं, साखर वाढते.

येडगावच्या धरणाचंही असंच आहे. कुकडीवर वर माणिकडोह आहे, तिथलं पाणी खाली आमच्या धरणात येतं आणि डाव्या कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडं जातं. मामा एकदा बांधावर उभा राहून म्हणाला होता, “ह्या धरणात आपलं पाणी कमी, पाहुण्याचं जास्त. पर धरण आपलंच म्हणायचं.” मी ते माझ्यासाठी आहे असं समजून कितीतरी दिवस मनात जपलं. पुढं कळलं की तो कालव्याच्या आवर्तनावरून चिडला होता, माझा त्यात काही संबंध नव्हता. मी ते वाक्य तरीही परत केलेलं नाही.

१९९७ चा पाडवा आला. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. मामी टोमॅटोच्या पैशासाठी नारायणगावला निघाली होती, आम्हा दोघींना घेऊन गेली. मैत्रिणीची आई राहुटीच्या मागं खाटेवर बसून पायातले चाळ साफ करत होती. खांबाला गंगावन टांगलेलं होतं, मेणकापडात गुंडाळून. मैत्रिणीनं ते मला दाखवलं, हात लावू दिला नाही. मामी जरा लांब उभी राहिली, मग खाटेवर टेकली. दोघी बायका टोमॅटोच्या भावावर बोलत बसल्या. निघताना मैत्रिणीच्या आईनं मामीला विचारलं, “ती केस कापून घेणारी पोर, तिचं पुढं काय झालं वो?” म्हणजे गोष्ट तिथवर गेली होती.

त्याच महिन्यात आमच्या यात्रेला वडील आले. डबेवाले तेव्हाच सुट्टी घेतात.

सहा जून २००२ ला शांताबाई गेल्या. मी सतरा वर्षांची होते. पेपरात त्यांच्याबद्दल भरभरून आलं होतं. वडील त्यांच्या लहानपणीच वारले आणि मग त्या पुण्याला काकांकडं राहिल्या, हुजूरपागेत शिकल्या, हे मला तेव्हा कळलं. चार बहिणींच्या, बाप दूर गेलेल्या घराची गोष्ट त्यांनी का निवडली असेल याबद्दल मी काही ठाम बोलणार नाही. अल्कॉटला तर प्रकाशकानं मुलींसाठी काहीतरी लिही म्हणून मागं लागून लिहायला लावलं होतं. पण पेपर वाचून मी उठले आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून ‘लिटल विमेन’ काढलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन आमच्या फाटलेल्या पानापासून पुढं वाचलं. १८६८ चा पहिला भाग, मग १८६९ चा दुसरा.

मामीला फोन करून सांगितलं की त्या मुलींचा बाप नाताळात घरी आला.

“येणारच की,” मामी म्हणाली. “यात्रा आसंल त्यांची.”

बाकीचं मी कुणाला सांगितलं नाही. बेथ त्या आजारातून उठते, पण तब्येत धरत नाही आणि दुसऱ्या भागात जाते.

मैत्रीण आता पुण्यात असते, ब्लाउज शिवते. तिची मुलगी सहावीत गेली. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, ‘चौघीजणी’ची प्रत कुठं मिळते म्हणून. मी म्हटलं, घेऊनच ठेवलीय, पाठवते. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, “बेथ जगली ना गं तेव्हा?”

“जगली,” मी म्हटलं. आमची पानं जिथं संपली होती, तिथं ती जगतेच.