आधी कागदावर बेता

मैत्रिणींनो, शिवणाच्या वर्गात बाई पहिल्याच दिवशी बजावतात, "आधी कागदावर बेता, मग कापडाला कात्री लावा." हाच धडा मला गेल्या महिन्यात चक्क लॅपटॉपपुढे बसून गिरवावा लागला.

आम्ही शेवगावचे. २०११ साली नणंदेच्या लग्नात ह्यांनी हौसेनं फुल एचडी कॅमकॉर्डर घेतला होता. हळद दळताना सासूबाईंनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धाला नणंदबाई येणार, त्यांना आईचा आवाज ऐकवावा असं मनानं घेतलं. तीन तासांतून वीस मिनिटं निवडायची, एवढंच!

पण लॅपटॉप २०२० सालचा, ऑनलाइन शिकवण्यापुरता घेतलेला, चार जीबी मेमरीचा. चित्र लावलं की सासूबाईंचा हात खुंट्यावर थिजलेला नि ओवी मात्र पुढे गेलेली! दीर म्हणाले, "वहिनी, स्टुडिओत देऊन टाका." मला मात्र सरस्वतीबाई फाळके आठवल्या. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी युनिटचा स्वयंपाक सांभाळून त्या अंधारात फिल्मला भोकं पाडत. मग मीच का माघार घ्यावी?

अडचण कसली, ते सांगते. एचडीच्या एका चित्रात वीस लाखांवर ठिपके, नि सेकंदाला अशी पंचवीस चित्रं. जागा वाचावी म्हणून कॅमेरा पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतो. मधल्यांत फक्त बदल टिपतो. आपण वाण्याला "मागच्याप्रमाणेच, फक्त साखर दोन किलो" अशी यादी देतो ना, तसंच. मग बिचाऱ्या लॅपटॉपला दर वेळी मागची यादी शोधावी लागते!

यावर उपाय म्हणजे कागदी बेतणी. 'शॉटकट' नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये 'प्रॉक्सी'ची सोय आहे. ती मूळ चित्रफितींच्या लहान, हलक्या प्रती करून देते. कापाकापी त्यांच्यावर करायची. शेवटी पक्की फिल्म मात्र मूळ प्रतीवरूनच तयार होते. त्याआधी कार्ड दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. पक्की फिल्म रात्री करायला लावा, नि लॅपटॉप गादीवर नको, पाटावर ठेवा. गादीवर त्याची हवा कोंडते.

एका ठिकाणी मात्र माझा हात अडला. ओवी थांबवून सासूबाई चारचौघींत म्हणतात, "हिला मेलीला खुंटासुद्धा धरता येत नाही!" मी नवी सून, मान खाली घातलेली. चौदा वर्षांनीही ते झोंबलं. तेवढा तुकडा मी मुकाट्यानं कापून टाकला.

रात्री पुन्हा पाहिलं, तर ओवी मध्येच तुटल्यासारखी वाटे. म्हणून मूळ चित्रफीत पुढे चालवली. बोलून झाल्यावर सासूबाईंनी माझा हात ओढून खुंट्यावर ठेवला होता, वर स्वतःचा हात ठेवून पुढची ओवी दोघींच्या हातांनी दळली होती. मला बोलणं तेवढं आठवत होतं. हात विसरले होते.

तुकडा परत जोडला. श्राद्धाच्या संध्याकाळी तो आला तशा नणंदबाई खुदकन हसल्या, नि मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "वहिनी, तेवढं पुन्हा लाव."

तुमच्याही कपाटात असं एखादं कार्ड पडलं असेल. काढून बघा. पण कात्री लावण्याआधी शेवटपर्यंत बघा हं!